काजूचा डाग

खाली पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला म्हणून मी जिना उतरून पाव घ्यायला गेलो होतो. पावांची पिशवी हातात घेतली आणि खिशातला फोन वाजला. पलीकडे कुणी बाई होती. तिने विचारले, "शेवंतीबाईंचे मिस्टर बोलताय का?" मला हो म्हणायला वेळ लागला. शेवंतीला जाऊन दीड वर्ष झाले. मुरगावच्या या इमारतीत तिचे नाव कुणी मोठ्याने घेत नाही. मुलगा शंभू आई म्हणतो, सून सुमन मामी म्हणते, शेजाऱ्यांना तर ती माहीतच नव्हती. नाव घेणारा मी एकटा, आणि मी ते मनात घेतो. पोदेर सायकल वळवता वळवता थांबला. "काका, कोण गेलो काय?" माझा चेहरा तसा झाला असावा. मी त्याला हाताने जा म्हटले. बाई बोलत होती. "काका, मी डॉक्टर तारा. तुमच्या मिसेसच्या पायाचे फोटो मीच काढले होते. आता मी मेडिकलच्या मुलांना शिकवते. तो पाय मला वर्गात दाखवायचा आहे. तुमची हरकत नसेल तर." तो पाय, असे ती म्हणाली. पाय जणू तिच्याकडेच ठेवलेला होता आणि आम्ही बाकीची शेवंती तेवढी नेऊन जाळली. मी म्हटले, "आता कशाक?" ती म्हणाली, "पुस्तकांत आपल्यासारख्या माणसांचे पायच नाहीत, काका." मी फोन बंद केला. वर येईपर्यंत पाव गार झाले होते.

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर शेवंतीचा फोटो आहे. त्याला चंदनाचा हार आहे, खाली तिचे नाव आहे. फोटोतली बाई गोरी आहे. शंभूच्या लग्नातला फोटो स्टुडिओत दिला होता, त्यांनी तो मोठा केला आणि विचारल्याशिवाय उजळ केला. बाराव्याच्या आदल्या दिवशी तो घरी आला तेव्हा मी म्हटले, ही शेवंती नव्हे. शंभू म्हणाला, "बाबा, सगळ्यांचेच असे करतात." सुमन म्हणाली, "मामी किती बऱ्या दिसतत." मेल्यावर बरी दिसायला लागली. आमच्या लग्नातही हेच झाले होते. म्हापशाच्या फोटोवाल्याने तिला स्टुलावर बसवले, तोंडाला पावडर लावली, मागे जाऊन बघितले, परत आला आणि आणखी लावली. मानेला लावायची राहिली. मग तोच म्हणाला, पदर जरा वर घ्या. फोटो हातात आला तेव्हा ती नवी नवरी होती, माझ्याशी नीट बोलतही नव्हती, पण फोटो बघून तिला हसू आवरेना. "माझो चेहरो म्हापशाचो आणि मान आमच्या कोरगावची," म्हणाली. पुढे कुणाच्याही लग्नात फोटोवाला दिसला की ती माझ्याकडे बघून आपल्या मानेला हात लावायची. तेवढ्याने मला कळायचे. आता लग्नात फोटोवाला दिसला की मी दुसरीकडे बघतो.

तिचा रंग काळा होता. सावळा म्हणायची पद्धत आहे, पण तो सावळा नव्हता. तिला बघायला गेलो तेव्हा माझी आई तिच्यासमोरच म्हणाली, "काळी आसा, पण कामाची आसा." आणि लग्न करून आली, उंबऱ्यावरचे तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडून आत आली, तेव्हा बायकांनी खाली बघितले आणि एकीने म्हटले, पाय मात्र बरे आसत. पायाला एवढीच शाबासकी मिळाली. माझा रंगही तिच्यासारखाच आहे. मला जन्मात कुणी त्यावरून बोलले नाही. पुरुषाचे चालून जाते. मी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचो आणि आठवड्याने घरी यायचो, तेव्हा डोक्यापासून नखापर्यंत लाल असायचो. खनिजाची धूळ केसांत, कानांत, पापण्यांवर. शेवंती विहिरीवर बालदी भरून उभी असायची. "आदी तुमचो रंग दाखया, मगे घरात येवा." पाणी ओतत जायची आणि लाल खाली वाहत जाऊन आतला मी निघायचो. "हां, हो आमचो," म्हणायची. खाणी बंद पडल्या आणि ट्रक विकला. ती गेल्यावर शंभूने मला इथे आणले, बंदरात त्याची नोकरी आहे. इथेही जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर कधी कधी लाल धूळ बसते. सुमन कुरकुरत पुसते. मी ती बोटावर घेऊन बघतो आणि पँटला पुसतो.

कोरगावला आमच्या घरामागे डोंगरावर काजूची झाडे आहेत. हंगामात शेवंती सकाळपासून डोंगरावर असायची. बोंडू गोळा करायचे, त्याच्या बुडाची बी पिळून वेगळी करायची. बीला आम्ही काजी म्हणतो. बोंडू दारूच्या भट्टीवाल्याकडे जायचे आणि काजी अंगणात वाळत पडायच्या. ऊन फिरेल तशा ती त्या पायाने परतायची. मग थोड्या घरासाठी भाजून फोडायची. काजीच्या टरफलात तेल असते, ते जिथे लागेल तिथली कातडी जळते आणि काळी पडते. आमच्याकडच्या बायकांच्या हातापायांवर मे महिन्यात असे डाग असतातच. पावसाळ्यात कातडीचे साल निघते आणि डाग जातो. त्यामुळे डागाला कुणी भीत नाही. ज्या बाईच्या हातावर डाग नाही तिने हंगामात काय केले असे विचारतात. शेवंतीच्या उजव्या टाचेच्या आतल्या कडेला, जिथे तळव्याचा फिका रंग संपतो आणि वरचा काळा सुरू होतो, तिथे एक डाग आला. न्हाणीच्या दगडावर टाच घासताना तिनेच मला दाखवला. "बघा, यंदा काजीन बरोच डाग दिलो." मी वाकून बघितले. काजूच्या डागासारखा काजूचा डाग. पाऊस आला, हातांवरचे डाग गेले, हा राहिला. ती म्हणाली, "जून काजी आसतली." पुन्हा हंगाम आला, नवे डाग पडले आणि जुना त्यांच्यात मिसळून गेला. त्यानंतरच्या पावसात तो मोठा वाटला म्हणून मी तिला पेडण्याच्या डॉक्टरकडे नेले.

डॉक्टर आमच्याच बाजूचा, त्याच्या घरचीही काजूची बाग. त्याने चष्मा लावून पाय स्टुलावर घेतला. "काजी केल्यास काय गो?" "करतंय मरे डॉक्टर. तुमच्या घरात कोण करीत नाय?" तो मोठ्याने हसला. "मगे काजीचोच डाग हो." त्याने मलम दिले. काही महिन्यांनी डाग फुटला, पाणी यायला लागले. तेव्हा साखर तपासली, साखर नव्हती. कुरूप असेल म्हणून त्याने ब्लेडने खरवडले आणि चप्पल घालून फिर म्हणाला. शेवंती म्हणाली, "चपलेन डोंगर चढाक येता काय?" तरी तिने चप्पल घेतली. त्या डॉक्टरवर माझा राग आहे. लोक मला सांगतात, अरे तो माणूस चांगला आहे. असेल. माझी बायको मारून तो चांगला आहे. दुसरे लोक विचारतात, तू रोज तिच्याबरोबर होतास, तुला कसे दिसले नाही? मी ड्रायव्हर आहे. टायर कधी फुटेल ते मला आवाजावरून कळते. पायासाठी मी तिला पाय शिकलेल्या माणसाकडे नेले होते. आणखी काय करायला हवे होते ते मला अजून कुणी सांगितलेले नाही.

जांघेत गाठ आली तेव्हा मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे मोठ्या डॉक्टरने पाय बघितला, गाठ दाबली आणि बरोबरच्यांशी इंग्लिशमध्ये बोलला. शेवटी उभी असलेली बारीकशी मुलगी म्हणजे तारा. तेव्हा ती शिकत होती. तिने मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितले की हा कातडीचा कॅन्सर आहे आणि तो पायातून वर गेला आहे. मी विचारले, "काजीक लागून?" ती म्हणाली, "काजूचा काही संबंध नाही, काका." मग तिने जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. ती म्हणाली, आम्हाला हा रोग गोऱ्या लोकांचा म्हणून शिकवला. फोटो सगळे गोऱ्या कातडीवरचे. आपल्या माणसांना तो कमी होतो, पण होतो तेव्हा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, आणि तिथे कुणी बघत नाही. बोलताना तिचे डोळे भरले. मला ते आवडले नाही. मी आत गेलो तेव्हा शेवंतीने विचारले, काय म्हणते ती पोरगी? खोटे सुचले नाही. म्हटले, "गोऱ्यांचो रोग म्हणता तो." शेवंतीने माझ्याकडे बघितले आणि हसत सुटली. हसता हसता ठसका लागला, नर्स धावत आली. "तुमची आवस जिती आसाक होयी होती," ती म्हणाली. "तिका सांगलं असतंय, तुझ्या काळ्या सुनेक गोऱ्यांचो रोग झालो." बाजूच्या खाटेवरची बाईही हसली. मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी तारा कॅमेरा घेऊन आली. पायाचा फोटो काढू का, असे तिने शेवंतीला विचारले. शेवंती म्हणाली, "पावडर लावूक नको मां?" ताराला काही कळले नाही, ती माझ्याकडे बघू लागली. शेवंतीने मानेला हात लावला. मग पाय पुढे केला. "आसा तसो काढ गो बाय." तिने पायाजवळ एक पट्टी ठेवली आणि फोटो काढले, वरून, बाजूने, जवळून. उजव्या पायातले जोडवे आधीच काढून घेतले होते. ते माझ्या शर्टाच्या खिशात होते. पुढचे लिहीत नाही. गाठी पोटात गेल्या, मग फुप्फुसात. पावसाळा संपला आणि ती गेली.

तारा पुन्हा फोन करील हे मला माहीत होते. तिने केला, मी घेतला नाही. शंभूला सांगितले तर तो म्हणाला, "नको बाबा. आईचा पाय लोकांना कशाला दाखवायचा?" सुमन भाजी चिरत होती, ती मान वर न करता म्हणाली, "मामीन काय म्हटल्यान आसता?" मी तिच्यावर ओरडलो. मेलेल्या माणसाने काय म्हटले असते ते मेलेल्याला विचार म्हटले. ती भाजी चिरत राहिली. रोज दुपारी जेवून मी त्या जनेलाशी बसतो आणि बंदरातली क्रेन बघतो. त्या दिवसांत क्रेन दिसत नव्हती. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. पाय जिवंत होता, त्याला रक्त होते, तो स्वतः चालत दवाखान्याच्या पायऱ्या चढला, स्टुलावर चढून डॉक्टरच्या नाकाखाली बसला, तेव्हा तो कुणाला दिसला नाही. आता त्याची राख शापोरा नदीच्या पाण्यात गेली, आणि आता तो सगळ्यांना बघायचा आहे. तिच्यावर शिकायचे. का? दुसऱ्या कुणाच्या पायावर शिका. मग मला वाटायचे, दुसरी कुणी म्हणजे कोण? तिचाही नवरा जनेलाशी असाच बसणार. त्याची मला दया येत नव्हती. खरे सांगायचे तर आणखी एक जण असा बसला तर बरे, असेही एकदा वाटले. पण आसा तसो काढ गो बाय, हे शेवंतीचे शब्द होते आणि ते मला बदलता येत नव्हते. फोटो तिने दिला होता. मला कोण विचारते? मीच ताराला फोन केला. म्हटले, "मी येतो. माझ्यासमोर दाखवा. आणि पाय गोरा केलात तर मी उठून मशीन बंद करीन." ती म्हणाली, "नाही करणार, काका."

वर्गात थंडी होती. मुले-मुली पांढरे कोट घालून बसली होती. मला पहिल्या बाकाच्या टोकाला बसवले. मी कोण ते ताराने सांगितले नाही, मीच नको म्हटले होते. पडद्यावर आधी पुस्तकातले फोटो आले. गोऱ्या पोटऱ्या, गोऱ्या पाठी. त्यांच्यावर तो डाग दुधात माशी पडावी तसा दिसत होता. मुलांनी एका सुरात रोगाचे नाव सांगितले. मलाही सांगता आले असते. मग शेवंतीचा पाय आला. भिंतभर आला. मी तयारी करून गेलो होतो, पण रंगाची तयारी केली नव्हती. दीड वर्षात मी तो रंग बघितला नव्हता. घरातल्या कुठल्याच फोटोत तो नाही. लग्नाच्या नाही, शंभूच्या बारशाच्या नाही. विहिरीवर बालदी धरणारा तो रंग, ओला झाला की चकाकणारा. घोट्याखाली तो होता, जसा होता तसा. टाचेच्या भेगा होत्या, त्यांत कोकमाचे तेल भरलेले होते. ते मी भरले होते. बोटाला जोडव्याचा फिका वळ होता. मागून कुणीतरी जांभई दिली. माझ्या बायकोच्या पायासमोर.

"रोग कुठे आहे?" ताराने विचारले. "जखम," चारपाच जण म्हणाले. "जखम शेवटी आली. दोन वर्षे आधी ही बाई तुमच्याकडे आली असती तर तुम्हाला काय दिसलं असतं? जखमेच्या कडेला बघा." सगळे पुढे वाकले. कुणाला काही दिसेना. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, फोटो जरा ब्राइट करता येईल का?" मी बाक धरला. तारा म्हणाली, "पेशंट समोर बसलेला असतो तेव्हा त्याला ब्राइट करता येत नाही." मग ती पडद्याजवळ गेली आणि बोटाने हळूहळू कड काढत गेली. इथे तपकिरी आहे, इथे राखी, इथे काळा, आणि कड बघा, कुठे आत गेली, कुठे बाहेर आली. थोड्या वेळाने मला दिसले. तो पाय मी शेवटचे महिने रोज धूत होतो, मांडीवर घेऊन दाबत होतो. तो डाग मी तिथे, परक्या मुलांत बसून, पहिल्यांदा नीट बघितला. तारा सांगत होती, आपल्या पुष्कळ लोकांच्या तळव्यांवर जन्मापासून काळे डाग असतात, त्यांत काही वाईट नसते. म्हणूनच शिकायला हवे. जो वाढतो तो कुठला, जो जात नाही तो कुठला. "आज घरी गेल्यावर आपल्या माणसांचे तळपाय बघा. डाग असला तर तो कधीपासून आहे ते विचारा." काहींनी लिहून घेतले. काही फोन बघत होते.

वर्ग सुटल्यावर तिने मला चहा दिला. पेडण्याच्या डॉक्टरांनाही बोलावले होते म्हणाली, त्यांना काम होते. मग तिने विचारले की हा फोटो आम्ही करतो आहोत त्या पुस्तकात घालू का, ते दुसऱ्या कॉलेजांतही जाईल. मी म्हटले, "घाला. खाली तिचे नाव घाला." ती म्हणाली, "नाव घालता येत नाही, काका. नियम आहे. स्त्री, वय साठ, उजवा तळपाय, एवढंच." मी म्हटले, लाज वाटणाऱ्यांसाठी हा नियम ठीक आहे, तिला कसली लाज? तारा म्हणाली, "मला कळतंय. पण नाही." मी चहा संपवला. घरी भिंतीवर नाव तिचे आहे आणि रंग भलत्याच बाईचा. इथे रंग तिचा आहे आणि खाली कुणाचेच नाव नाही. साठ वर्षे जगलेल्या बाईला दोन्ही एका जागी मिळायची सोय नाही. हे मी ताराला सांगितले नाही. घाला, एवढेच म्हटले.

बसने परत आलो तेव्हा दुपार कलली होती. सुमन जनेलाखाली जमिनीवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात सुपात तांदूळ. शंभू कामावर होता. मला बघून तिने सासऱ्यासमोर आवरतात तसे पाय आवरले आणि गाउन ओढून झाकले. पण त्याआधी तिच्या पायावर ऊन पडलेले होते, आणि मला काहीतरी दिसले होते. की दिवसभर तेच बघितल्यामुळे दिसले, सांगता येत नाही. सासऱ्याने सुनेला पाय दाखव म्हणायचे नसते. मी पाणी प्यालो. आत गेलो, शर्ट काढला, परत घातला, बाहेर आलो. मग तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"सुमन, पाय बघू."

"काय?"

"तळपाय." मी वाकून हात पुढे केला.

ती सूप सांडत मागे सरकली. "अगो बाई! बाबा, माझ्या पाया कसले पडतात!"

"पडत नाय. बघतंय."

"शंभू येवंदे, सांगतंय, बापूस सुनेच्या पाया पडलो." ती लाजून हसत होती, एका हाताने तोंड झाकले होते, पण माझा चेहरा बघून तिने पाय पुढे केला. मी तो उन्हात धरला. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेला, फिका रंग संपतो तिथे, चिंचोक्याएवढा डाग होता. मी अंगठ्याने पुसला. अंगठा ओला करून पुन्हा पुसला.

"काजीचो डाग तो, बाबा," सुमन म्हणाली. "गेल्या म्हयन्यात म्हायेरी गेल्लंय न्हय? पावसात सुटतलो."

टीव्हीच्या वरून ती गोरी बाई आमच्याकडे बघत होती.

"कधीपासून आसा?"

ती हसायची थांबली. तिने मान वाकवून आपलाच पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. "यंदाचो," ती म्हणाली. मग म्हणाली, "की गेल्या वर्साचो? आठवाक नाय, बाबा."

मी पाय सोडला नाही. दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढला.